उजेड आणि ऊन : कुंडीतल्या पानफुटीचा एक इतिहास

१

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम काठावर आमचे वडिलोपार्जित घर आहे. घरातले सगळे त्याला वाडा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. एरवी 'वाडा' या शब्दाबरोबर दिंडीदरवाजा, नक्षीचे खांब, नगारखाना असे जे चित्र वाचकांच्या मनात उभे राहते, त्यातले येथे काही नाही. मातीच्या जाड भिंती, वर धाबे, मध्ये बारा फूट लांब-रुंद चौक आणि चौकाभोवती ओसरी, एवढाच त्याचा विस्तार. राजराजेश्वराच्या देवळातला घंटानाद पहाटे ऐकू येतो, आणि धाब्यावर चढले की असदगडाच्या दिशेने नजर जाते. या चौकात माझ्या आजीची झाडे होती.

त्या झाडांना बाग म्हणणे धाडसाचे ठरेल. वनस्पती तुपाचे रिकामे पत्र्याचे डबे आणि एक काठ फुटलेला रांजण, यांत मिळून कोरफड, पानफुटी आणि 'ऑफिस टाइम' अशी तीनच प्रकारची झाडे होती. आज रोपवाटिकेत ज्यांना 'सक्युलंट' म्हणून देखण्या चिनी मातीच्या कुंड्यांत विकतात, त्याच जातकुळीची ही झाडे. पाने मांसल, पोटात पाण्याचा साठा, आणि दोन दिवस पाणी द्यायचे राहिले तरी तक्रार नाही. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात अशीच झाडे टिकणार, हे उघड आहे.

आजी या डब्यांच्या जागा वर्षातून दोनदा बदलत असे. दिवाळी झाली की डबे उत्तरेकडच्या ओसरीच्या पायरीवर जात, आणि होळी झाली की पश्चिमेच्या भिंतीशी, वळचणीखाली येत. आम्ही मुले हे काम कुरकुरत करीत असू. 'काऊन हलवा लागते?' असे विचारले, की तिचे एकच उत्तर असे, 'झाडाले उजेड पाह्यजे, ऊन नाई.'

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे ऐकून सोडून दिले होते. अलीकडे काही कारणाने वनस्पतिशास्त्राचा थोडा इतिहास वाचण्यात आला, आणि त्यात चक्क आमच्या पानफुटीची भेट झाली. तेव्हापासून हे वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. कुंडीतल्या झाडावर प्रकाश काय परिणाम करतो, हे माणसाला कसे कळत गेले, आणि ते कळल्याची नोंद कोणाच्या नावावर झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम आजीच्या वाक्यातील दोन शब्दांकडे वळू. उजेड आणि ऊन यांत मराठी माणूस सहसा गल्लत करीत नाही. उजेड डोळ्यांना मिळतो, ऊन अंगाला लागते. उजेड 'पडतो', ऊन 'लागते' आणि 'तापते'. कवडसा आणि तिरीप हे उन्हाचे तुकडे आहेत. झळ ही उन्हाची असते, उजेडाची नसते. संस्कृतातून आलेला 'प्रकाश' हा शब्द या दोहोंना आपल्या पोटात घेतो, आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकात 'वनस्पतींना प्रकाशाची आवश्यकता असते' असे वाचल्यावर हाती फारसे काही लागत नाही. किती प्रकाश, कोणत्या वेळचा, कोणत्या दिशेने आलेला, आणि त्याच्याबरोबर किती ताप, या प्रश्नांची उत्तरे 'प्रकाश' देत नाही.

वऱ्हाडात हा भेद अधिकच महत्त्वाचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, हे येथे कोणाला नव्याने सांगावयास नको. अकोला साधारण २०.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. उलट डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ४६ अंश वर चढतो. या दोन टोकांमध्ये आमच्या चौकातले ऊन वर्षभर सरकत असते.

हिशेब अगदी सोपा आहे. डिसेंबरातल्या दुपारी बारा फूट उंचीच्या भिंतीची सावली सुमारे साडेअकरा फूट पडते. चौक बारा फुटांचा. म्हणजे दक्षिणेकडच्या सोप्याची सावली जवळजवळ अख्खा चौक व्यापते आणि ऊन मिळते ते फक्त उत्तरेच्या पायरीला. दिवाळीनंतर आजीचे डबे नेमके तेथेच जात. मे महिन्यात दुपारचे ऊन सरळ खाली येते, तेव्हा दक्षिण-उत्तर भिंतींचा उपयोग नसतो. सकाळचे कोवळे ऊन घ्यावे आणि दुपारनंतरची झळ टाळावी, यासाठी पश्चिमेच्या भिंतीचा पायथा हीच योग्य जागा, कारण सूर्य पश्चिमेला कलला की ती भिंतच आडोसा होते. आणि ऐन माथ्यावरच्या उन्हापासून वळचण वाचवते. होळीनंतर डबे तेथे येत. आजीने अक्षांश हा शब्द कधी ऐकला नसेल. परंतु जागांची निवड एखाद्या वास्तुविशारदाने होकायंत्र घेऊन केली असती, तरी याहून वेगळी झाली नसती.

तिचे चुकले असते तर काय झाले असते? सावलीत वाढलेली पानफुटी एकदम वैशाखाच्या उन्हात ठेवली, की तिच्या पानांवर गवताच्या रंगाचे फिकट चट्टे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. हळूहळू उन्हाची सवय करून दिली, तर तेच पान आपल्या कडांना तांबूस-जांभळा रंग आणते. हा रंग म्हणजे झाडाने स्वतःवर धरलेली छत्री होय. उलट उजेड कमी पडला, तर खोड उंच आणि अशक्त होते, दोन पेरांतील अंतर वाढते, पाने पातळ व फिकट होतात आणि सबंध झाड उजेडाच्या दिशेने झुकते. अनेकांना हे झाड 'छान वाढले' असे वाटते. वास्तविक ती वाढ नसते, शोध असतो. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की गवताच्या कोवळ्या अंकुराचे टोक उजेड ओळखते, आणि वाकतो तो मात्र त्याखालचा भाग. टोकाला टोपी घातली की अंकुर वाकत नाही. टोकाकडून खाली जाणारा हा निरोप म्हणजे एक रासायनिक द्रव्य आहे, हे पुढे १९२० च्या दशकात डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट याने प्रयोगाने सिद्ध केले. त्या द्रव्यालाच आज आपण ऑक्सिन म्हणतो.

येथे आपले डोळे आपल्याला फसवतात, हेही लक्षात घ्यावयास हवे. भर उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. चांगल्या उजेडाच्या खोलीत ती काही शे लक्सच भरते. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते आणि मेंदू जुळवून घेतो, त्यामुळे हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवत नाही. खोलीत 'भरपूर उजेड' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा कुंडीतली कोरफड तिच्या हिशेबाने संधिप्रकाशात बसलेली असते.

३

आता ज्या माणसामुळे हा लेख सुचला त्याच्याकडे येऊ. बेंजामिन हाइन (१७७०–१८१९) हा जर्मन माणूस मोरेव्हियन मिशनरी म्हणून १७९२ च्या सुमारास तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत आला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला, सामलकोटच्या वनस्पती उद्यानात राहिला, आणि टिपूच्या पाडावानंतर कॉलिन मॅकेंझीने म्हैसूर प्रांताची जी पाहणी हाती घेतली तिच्यात सामील झाला. हा मॅकेंझी म्हणजे ज्याच्या हस्तलिखितांच्या संग्रहावाचून दक्षिणेच्या इतिहासाचे पान हलत नाही, तोच. बंगळुरूच्या लालबागेशीही हाइनचा संबंध होता. आपल्याकडे अडगावच्या मैदानावर भोसल्यांचा पराभव झाला (२९ नोव्हेंबर १८०३) आणि वऱ्हाडच्या नशिबात नवा धनी आला, त्या काळात हा गृहस्थ दक्षिणेत झाडेझुडपे तपासत हिंडत होता.

१८१३ साली हाइनने लंडनच्या लिनियन सोसायटीचे एक पदाधिकारी आयल्मर बर्क लॅम्बर्ट यांना एक पत्र लिहिले. ते १८१५ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. पत्र अगदी छोटे आहे आणि विषय आहे पानफुटीच्या पानांची चव. हाइन सांगतो, की या झाडाची पाने सकाळी चांगलीच आंबट लागतात. दिवस चढतो तसतसा आंबटपणा ओसरतो. दुपारी ती बेचव होतात आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागू लागतात. हाच त्याचा शोध. त्यासाठी त्याने कोणतेही यंत्र वापरले नव्हते. जीभ वापरली होती.

हे असे का होते, याचे हाइनने दिलेले कारण मात्र चुकीचे ठरले. तो लाव्हाझिएच्या रसायनशास्त्रावर वाढलेला होता. लाव्हाझिएच्या मते प्रत्येक आम्लाचे मूळ प्राणवायूत होते. 'ऑक्सिजन' या शब्दाचा अर्थच मुळी आम्ल निर्माण करणारा असा आहे. दुसरीकडे, उजेडात झाडे प्राणवायू सोडतात आणि अंधारात हवा बिघडवतात, हे यान इंगेनहौझने १७७९ मध्येच दाखवले होते. हाइनने दोन्हींची सांगड घातली. रात्री पान प्राणवायू साठवते म्हणून आंबट होते, दिवसा प्रकाश तो प्राणवायू हुसकावून लावतो म्हणून आंबटपणा जातो, असे त्याचे म्हणणे. तर्क सुसंगत होता, परंतु पाया डळमळीत होता.

त्याच्या आधी काही वर्षे, १८०४ साली, जिनिव्हाच्या निकोला-थिओडोर द सोस्यूरने निवडुंगाविषयी असेच एक कोडे नोंदवून ठेवले होते. अंधारात निवडुंग प्राणवायू घेतो, पण त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडत नाही, असे त्याला आढळले. (साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे आडनाव परिचयाचे वाटेल. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर याच घराण्यातले.) एकाने वायू मोजला, दुसऱ्याने चव घेतली. दोघांच्या हाती एकाच कोड्याची दोन टोके होती, हे स्पष्ट व्हायला शतकाहून अधिक काळ जावा लागला.

विसाव्या शतकाच्या मध्यास ते कोडे सुटले. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि सूर्यप्रकाशात त्याची साखर करतात. पण रंध्र उघडले की आतले पाणीही उडून जाते. रखरखीत प्रदेशात हा सौदा परवडणारा नाही. म्हणून पानफुटी, कोरफड, निवडुंग यांसारखी झाडे रात्री, गारव्यात रंध्रे उघडतात, आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींतील रिक्तिकांमध्ये साठवतात, आणि पहाट झाली की दारे लावून घेतात. कच्च्या सफरचंदाला जे आम्ल आंबटपणा देते तेच हे. दिवसभर बंद दाराआड हे आम्ल मोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड मोकळा केला जातो आणि उजेडाच्या बळावर त्याची साखर होते. म्हणूनच सकाळी पान आंबट आणि दुपारी बेचव. पानफुटीच्या कुळाच्या नावावरून या रीतीला 'क्रॅसुलेसी आम्ल चयापचय' असे भारदस्त नाव पडले.

यात उजेडाची भूमिका कोणती? आम्ल रात्री तयार होते हे खरे. परंतु ते करण्यासाठी लागणारा पिठूळ साठा दिवसाच्या उजेडाने आधी कमवावा लागतो, आणि साठवलेले आम्ल खर्ची टाकण्याचे कामही उजेडच करतो. दिवस अंधारा गेला तर दोन गोष्टी घडतात. त्या दिवशी आंबटपणा उशिरापर्यंत रेंगाळतो, आणि असे दिवस लागोपाठ गेले तर पहाटेचा साठाही कमी कमी होत जातो. म्हणजे पानाची चव ही त्या झाडाला मिळालेल्या उजेडाची नोंदवही आहे.

हे मी करून पाहिले. चव घेऊन नव्हे. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि ती चरल्याने गुरांना विषबाधा होते, तेव्हा वाचकांनीही जिभेचा मोह टाळावा. वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडून आम्लता दाखवणारे कागदाचे तुकडे मागून घेतले. धाब्यावरच्या कुंडीतल्या पानाचा रस सकाळी सहाला कागद नारिंगी करी आणि दुपारी एकला पिवळसर. चौकाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कुंडीतले पान मात्र दुपारी एकलाही नारिंगीकडेच झुकत असे. त्याची सकाळ अजून संपलेली नव्हती.

४

पानफुटी मूळची मादागास्करची. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत ती भारतात पोचली होती आणि पुढे इतकी रुळली की ती परकी आहे असे कोणास वाटेनासे झाले. मराठीत पानफुटी किंवा घायमारी, बंगालीत पाथरकुची, हिंदी-उर्दूत जख्मे-हयात. जुन्या शहरातल्या आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात हे शेवटचे नाव मी लहानपणापासून ऐकलेले आहे. जखमेवर पान शेकून बांधण्याची रीत दोन्हीकडे एकच होती, नावे तेवढी वेगळी. १८०५ साली सॅलिसबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'ब्रायोफायलम' असे नाव दिले. त्या ग्रीक शब्दांचा अर्थ पाहिला तर तो 'फुटणारे पान' असा, म्हणजे शब्दशः पानफुटी असाच आहे. ग्रीक जाणणारा पंडित आणि मराठी बोलणारी बाई यांनी एकाच पानाकडे पाहून एकच नाव ठेवले.

पानाच्या कडेच्या खाचांतून रोपे फुटतात, त्यामुळे या झाडाला प्रवासासाठी मातीची गरज पडत नाही. आमच्या लहानपणी वहीत मोरपिसाशेजारी पानफुटीचे पान ठेवत असू. आठ-पंधरा दिवसांत त्याला मुळे फुटलेली दिसली की परीक्षेत पास होण्याची खात्री वाटे. आत्या सासरी गेली तेव्हा तिनेही एक पान पोथीत घालून नेले होते.

असेच एक झाड जर्मनीतल्या वायमार गावी एका विख्यात घराच्या खिडकीत पोचले. महाकवी गटे याला या झाडाचा छंद लागला होता. कुंड्यांतून तो ते वाढवी, रोपे फुटलेली पाने स्नेह्यांना भेट पाठवी. १८२६ मध्ये मारिआना फॉन विलेमर हिलाही त्याने ती पाठवली. जर्मनीत आजही पानफुटीला 'गटेचे झाड' म्हणतात. याचे कारण त्याच्या विचारात आहे. १७९० मध्येच त्याने वनस्पतींच्या रूपांतरावर निबंध लिहून असे मांडले होते, की झाडाचा प्रत्येक अवयव म्हणजे पानाचेच बदललेले रूप आहे. पानातून अख्खे झाड उगवताना पाहून त्याला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. 'शाकुंतला'चा तो चाहता होता, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. त्या नाटकाच्या पहिल्याच अंकात शकुंतला आश्रमातल्या झाडांना पाणी घालताना दिसते, आणि नवमालिकेच्या वेलीला तिने 'वनज्योत्स्ना', म्हणजे वनातले चांदणे, असे नाव दिलेले असते. झाड आणि उजेड यांचे हे नाते त्याने नक्कीच टिपले असणार, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यास पुरावा नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

निश्चित सांगता येते ते इतकेच, की वायमार सुमारे ५१ अक्षांशावर आहे आणि तेथे डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. अकोल्यात तोच दिवस जवळजवळ अकरा तासांचा. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे जातो. म्हणजे वर्षभरातला फरक सुमारे अडीच तासांचाच. तो आपल्या लक्षातही येत नाही. झाडांच्या मात्र येतो.

हे १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या दोघा अमेरिकी संशोधकांनी प्रथम नीट सिद्ध केले. तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावर प्रयोग करून त्यांनी दाखवले, की झाडाने केव्हा फुलायचे हे दिवसाच्या लांबीवर ठरते. खरे मोजमाप रात्रीच्या सलग अंधाराचे असते, हे पुढे कळले. रोपवाटिकेत लाल-पिवळ्या फुलांचे जे 'कलांचो' मिळते, ती पानफुटीची बहीणच. तिला फुलवण्यासाठी काही आठवडे रोज संध्याकाळी काळे कापड घालून रात्र लांबवतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी तिच्या लेखी ती रात्र आखूड होते आणि कळ्या धरत नाहीत. आमची पानफुटीही हिवाळ्यातच फुलते. एका उंच दांडीला लालसर, खाली लोंबणारी, कंदिलासारखी फुले येतात.

'ऑफिस टाइम'चा हिशेब याहून लहान, एका दिवसापुरता. उन्हे वर आली, साधारण कचेरीची वेळ झाली की फूल उघडते, आणि कचेरी सुटण्याआधीच मिटते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झाडाला मराठीत 'चिनी गुलाब' असेही म्हणतात. पण लोकांच्या तोंडी राहिले ते घड्याळाचे नाव. गंमत अशी, की फूल घड्याळ पाळत नाही, ऊन पाळते. श्रावणात आभाळ भरलेले असले की 'आज हापीस बंद' असे आजी म्हणायची. याच कुळातली चिवळ उन्हाळ्यात आमच्या भाजीबाजारात येते. 'चिवळ सकाळची खुडाव, आंबट राह्यते,' हाही तिचाच शेरा. याच कुळातली घोळ पाण्याचा ताण पडला की रात्री आम्ल साठवू लागते, असे आता शास्त्र सांगते. म्हणजे हाइनने पानफुटीवर जे पाहिले, तेच आजीने भाजीवर पाहिले होते, आणि साधनही एकच होते : जीभ.

५

आजीचे गौरवगान करून येथे थांबता आले असते. परंतु तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिचेही पुष्कळ चुकत असे. 'रातच्याले झाडाले हात नोको लावू, झोपलं असते थे,' असे ती बजावत असे. पानफुटीच्या बाबतीत हे बरोबर उलट आहे. ती रात्रीच कामाला लागते. पण मग हाइनचे कारणही चुकलेलेच होते. दोघांच्या निरीक्षणात खोट नव्हती. स्पष्टीकरण मात्र ज्याने त्याने आपापल्या काळाकडून आणि घराकडून उसने घेतले होते. एकाने लाव्हाझिएकडून घेतले, दुसरीने तिच्या सासूकडून. फरक पडला तो पुढे. हाइनने पत्र लिहिले. ते छापले गेले म्हणून त्यातली चूक दुरुस्त करणारे लोक पुढे भेटत गेले, आणि चूक गळून निरीक्षण उरले. आजीचे निरीक्षण तपासायला कोणी आलेच नाही, कारण ते कोठे लिहिलेले नव्हते. छापून येण्याचा मान मिळतो म्हणून नव्हे, तर आपले चुकलेले दुसऱ्याला दुरुस्त करता यावे म्हणून नोंद करावी लागते, हे या दोघांकडे एकत्र पाहिल्यावर मला पटले.

तिने काहीच लिहून ठेवले नाही, असे मी गेल्या वर्षापर्यंत मानत होतो.

वाड्याच्या दक्षिणेला पूर्वी आमच्यासारखेच एकमजली घर होते. तेथे आता सुमारे चाळीस फूट उंचीची इमारत उभी आहे. यात कोणाचा दोष नाही. त्यांचे कुटुंब वाढले, त्यांनी घर वाढवले. आमचा दक्षिण सोपा पंधरा फुटांचा, चौक बारा फुटांचा. म्हणजे उत्तरेची पायरी त्या इमारतीपासून सत्तावीस फुटांवर येते. डिसेंबरच्या दुपारी त्या इमारतीची सावली सुमारे एकोणचाळीस फूट लांब पडते. ऑक्टोबरअखेर पायरीवरून हटलेले दुपारचे ऊन आता फेब्रुवारीच्या मध्यालाच परत येते. पायरीवरची पानफुटी गेली काही वर्षे लांबुडकी होऊन आकाशाच्या तुकड्याकडे वाकू लागली होती, आणि तिला फुले धरत नव्हती. आम्ही खत बदलले, माती बदलली. उजेड मोजण्याचे कोणाला सुचले नाही.

वाड्याचे वाटप ठरले आहे. भावंडांची संमती झाली आहे, माझीही आहे. धाबे दर पावसाळ्यात गळते आणि ते शाकारणारे हात आता घरात नाहीत. पुढच्या वर्षी येथेही इमारत येईल. आवराआवर करताना चौकातले डबे हलवले, तेव्हा उत्तरेच्या पायरीच्या फरशीवर गंजाची वर्तुळे दिसली. पत्र्याच्या डब्यांच्या बुडांची तांबूस, एकात एक अडकलेली वर्तुळे. वर्षानुवर्षे त्याच जागी डबा ठेवल्याशिवाय इतकी खोल उमटणार नाहीत. मग पश्चिमेच्या भिंतीशी बसून धूळ पुसली. तेथेही तशीच रांग निघाली, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, बरोबर वळचणीच्या रेषेत. चौकात बाकी कोठेही एकसुद्धा डाग नाही.

मी फूटपट्टी आणि होकायंत्र आणले आणि दोन्ही रांगा कागदावर उतरवून घेतल्या. प्रत्येक वर्तुळाचा व्यास, भिंतीपासूनचे अंतर, दिशा, आणि त्या जागी २२ डिसेंबरला व २४ मे रोजी दुपारी ऊन कोठे असायचे याचा हिशेब. पहिल्या रांगेखाली 'दिवाळी ते होळी' आणि दुसरीखाली 'होळी ते दिवाळी' असे लिहिले. मजकूर इतकाच आहे. कागद माझ्या वर्गात या वर्षी 'लिखित आणि मौखिक' हा घटक शिकवताना मुलांना दाखवला. एका मुलीने विचारले, 'सर, पावसाळ्यात डबे कुठे ठेवत होत्या?' मला आठवेना. ओसरीत ठेवत असावी, कारण या झाडांची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. पण ओसरीची जमीन शेणाने सारवलेली. तेथे गंज उमटला नाही. आत्याला विचारायचे ठरवले आहे. तिच्या घरी, पोथीतून नेलेल्या त्या पानाची पानफुटी पूर्वेच्या खिडकीत अजून आहे.